छोट्या पोकर टूर्नामेंटमध्ये सावध कधी, आक्रमक कधी : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

येत्या शनिवारपासून आमच्या गटाचा नवा हंगाम सुरू होत आहे आणि या वेळी प्रत्येक खेळानंतर लेखी नोंद ठेवायची असे मी ठरवले आहे. गेल्या हंगामात मी कितीतरी वेळा चौथ्या क्रमांकावर बाद झालो, म्हणजे गुण मिळण्याच्या एक पायरी अलीकडे. एक-दोनदा असे झाले तर पानांना दोष देता येतो. पण वारंवार होते तेव्हा निर्णयातच काहीतरी खोट आहे, असे मानून तपासणी करणे मला योग्य वाटते. सुताच्या पेढीवर तीस वर्षे हिशेब लिहिण्यात गेली असल्याने तपासणीची ही एकच पद्धत मला येते.

प्रश्न असा आहे : आठ जणांच्या छोट्या टूर्नामेंटमध्ये हात आखडता कधी घ्यावा आणि सगळ्या चिप्स पुढे कधी साराव्यात? आमच्या टेबलावर याचे उत्तर स्वभावावरून दिले जाते. सर सावध, अण्णा धाडसी, मामा मनाला येईल तसे, असे आम्ही सगळेच म्हणतो. परंतु ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्यापूर्वी दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स, दर पंधरा मिनिटांनी वाढतात, माणसे कमी होतात आणि पुढ्यातल्या चिप्सचे मोल बदलत जाते, तेव्हा एकाच स्वभावाने सगळी संध्याकाळ खेळणे बरोबर कसे असेल, ही माझी शंका आहे.

नियम नोंदवून ठेवतो. प्रत्येकाला १,५०० चिप्स, म्हणजे टेबलावर एकूण १२,०००. ब्लाइंड १०-२० (स्मॉल १०, बिग २०) पासून सुरू होऊन १५-३०, २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४०० असे चढतात. पहिल्याला ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकीच्यांना शून्य. प्रवेशशुल्क नाही, पैशांची देवघेव नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचे सगळे प्रकार केंद्राच्या ऑगस्ट २०२५ मधील कायद्याने बंद झाले आहेत. आमचा खेळ पूर्वीपासूनच गुणांवर चालतो आणि तसाच राहील. हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण सर्वाधिक, त्याला यजमान या नात्याने मी स्वखर्चाने एक सोलापुरी चादर देतो.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज पुन्हा चौथा. डाव सविस्तर लिहितो, कारण या प्रकल्पाची सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागेल.

चौघे उरलो होतो : अण्णा, सर, मामा आणि मी. ब्लाइंड १५०-३००. चौघांकडेही जवळपास तीन-तीन हजार चिप्स होत्या. अण्णा आणि मामा यांनी फोल्ड केले, म्हणजे पाने टाकली. स्मॉल ब्लाइंडवर बसलेल्या सरांनी चष्मा सारखा केला, दोन्ही पाने एकदा पुन्हा पाहिली आणि सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे सरकवल्या. माझ्या हाती बदामाचे राजा-राणी होते. मी बिग ब्लाइंडचे ३०० भरलेले होते, उरलेले २,७०० घालून ३,३०० जिंकायचे होते, म्हणजे शंभरात ४५ वेळा जिंकलो तरी बरोबरी होणार होती. एकरंगी राजा-राणी एवढे तरी नक्की जिंकेल, असा विचार करून मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या. सरांनी अठ्ठ्यांची जोडी दाखवली. टेबलावर सगळ्यांसाठीची पाच पाने उघडली, त्यांत राजा नाही, राणी नाही, बदामाचे एकच पान. मी उठलो आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेलो. शेवटी सर पहिले, अण्णा दुसरे, मामा तिसरे.

अठ्ठ्यांच्या जोडीसमोर एकरंगी राजा-राणी साधारण ४८ टक्के जिंकते. ४५ हवे होते, ४८ होते. मग चूक कुठे झाली? चूक झालीच नाही असे म्हणून वही मिटता आली असती, पण चौथा क्रमांक वारंवार का येतो याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी नळाला पाणी येऊन गेल्यावर हिशेबाला बसलो, तो दुपारच्या जेवणापर्यंत तिथेच होतो. खोट सापडली असे मला वाटते. काल मी चिप्सचा हिशेब केला, गुणांचा केलाच नाही.

टूर्नामेंटमधल्या चिप्स दुकानात चालत नाहीत. त्यांचे मोल बक्षिसाच्या वाटणीतून ठरते. ही किंमत काढण्याची जी पद्धत पोकरमध्ये रूढ आहे, तिचे मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये शर्यतीत दुसरा-तिसरा क्रमांक येण्याची शक्यता काढण्याचे एक सूत्र मांडले आणि मेसन मालमुथ यांनी १९८७ मध्ये तीच रीत पोकरला लावली. आज तिला आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणतात. कल्पना सरळ आहे : पहिला येण्याची शक्यता एकूण चिप्समधल्या आपल्या वाट्याइतकी, दुसरा कोणी पहिला आला असे धरले, तर त्याच्या चिप्स वगळून उरलेल्यांतला आपला वाटा ही दुसरा येण्याची शक्यता, आणि असेच पुढे.

चौघांकडे सारख्या चिप्स असतील तर प्रत्येकाचे मोल २५ गुण. आता एकाने दुसऱ्याला बाद करून आपल्या चिप्स दुप्पट केल्या, असे धरू. तो ५० टक्के वेळा पहिला, ३३.३३ टक्के वेळा दुसरा आणि १६.६७ टक्के वेळा तिसरा येईल. त्याचे मोल २५ + १० + ३.३३, म्हणजे ३८.३३ गुण. चिप्स दुप्पट झाल्या, गुण मात्र दीडपटीहून जरासेच अधिक. बाकीचे गेले कुठे? जे दोघे फोल्ड करून स्वस्थ बसले होते त्यांच्याकडे. त्यांचे मोल २५ वरून ३०.८३ झाले, एक पानही न खेळता. काल सरांनी मला बाद केले तेव्हा अण्णा आणि मामा यांनाही त्यातला वाटा मिळाला होता, हे मला आज समजले.

म्हणजे सारख्या चिप्सच्या चौघांत ऑल-इनला, म्हणजे सगळ्या चिप्स लावायला, उतरायचे तर २५ भागिले ३८.३३, म्हणजे ६५.२ टक्के जिंकण्याची खात्री हवी. काल मी ३०० आधीच भरले होते, म्हणून तो आकडा थोडा उतरतो. फोल्ड केले असते तर माझ्याकडे २,७०० आणि सरांकडे ३,३०० राहिले असते, आणि माझे मोल २३.३४ गुण झाले असते. २३.३४ भागिले ३८.३३ म्हणजे ६१ टक्के. चिप्सच्या हिशेबाने ४५ पुरत होते, गुणांच्या हिशेबाने ६१ लागत होते, आणि माझ्याकडे ४८ होते.

एक पुरवणी. समोरचा डोळे मिटून कुठल्याही पानांवर ऑल-इन जाणारा असता, तर एकरंगी राजा-राणी ६३ टक्क्यांच्या आसपास जिंकते आणि कॉल योग्य ठरला असता. पण सर तसे खेळत नाहीत. पान दोनदा पाहणारा माणूस चिप्स पुढे सारतो तेव्हा त्याच्याकडे काहीतरी असते, हे मला पानांवरून नाही तरी चष्म्यावरून कळायला हवे होते.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

अण्णा पहिले, वहिनी दुसऱ्या, मी तिसरा. २० गुण मिळाले, परंतु आजच्या खेळावर मी समाधानी नाही.

चौघे उरलो तेव्हा माझ्याकडे ५,००० चिप्स होत्या, सगळ्यांत जास्त. मामांकडे जेमतेम ८०० होते. गेल्या वेळचा धडा ताजा होता, म्हणून मामा बाद होईपर्यंत काही करायचेच नाही असे मी ठरवले. मामा मात्र दोनदा ऑल-इन जाऊन दोन्ही वेळा वाचले. दरम्यान अण्णांनी माझे धोरण ओळखले. माझा बिग ब्लाइंड आला की ते चिप्सचे दोन मनोरे एकदम पुढे ढकलत. अण्णांची ही एक लकब आहे : ते चिप्स पाच-पाचच्या चवडीत रचतात, मागावर कांड्या लावून ठेवाव्यात तशा, आणि चवड मोडू न देता पुढे सरकवतात. पाऊण तासात मी ५,००० वरून २,१०० वर आलो, एकही मोठा डाव न हरता. मामा अखेर बाद झाले तेव्हा मी तिघांत सर्वांत लहान होतो आणि पुढच्या दहा मिनिटांत गेलो.

बबलवर, म्हणजे गुणांच्या अगदी अलीकडच्या टप्प्यावर, सावध राहायचे हे खरे. पण अण्णाही बबलवरच होते आणि ते सावध नव्हते. दोघेही बरोबर कसे असू शकतील, हे उद्या पाहायचे आहे.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

८ नोव्हेंबरचाच डाव पुन्हा मांडला, पण या वेळी सरांच्या खुर्चीत बसून. त्यांनी फोल्ड केले असते तर त्यांचे मोल २४.१८ गुण राहिले असते. त्यांनी ऑल-इन केले आणि मी फोल्ड केले असते तर त्यांच्याकडे ३,३०० चिप्स आणि मोल २६.५७. मी कॉल केला असता आणि त्यांची पाने अगदीच वाईट, म्हणजे ३० टक्केच जिंकणारी असती, तर त्यांचे मोल ३८.३३ च्या ३० टक्के, म्हणजे ११.५ गुण.

आता प्रश्न असा की मी शंभरात किती वेळा कॉल केला तर त्यांचे नुकसान सुरू होते? उत्तर सुमारे १६. आणि मला किती पानांवर कॉल परवडतो? ते कुठल्याही पानांवर ऑल-इन जात आहेत असे धरले तरी मला ६१ टक्के हवेत. म्हणजे छक्क्यांची जोडी व त्यावरच्या जोड्या, एक्का-दश्शी व त्यावरचे एक्के. दोन पानांच्या एकूण १,३२६ जुळण्यांपैकी या ११८ होतात, म्हणजे नऊ टक्के. काठावरची काही एकरंगी पाने आणि साधे राजा-राणी मिळवले तरी दहा-बारा टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. मला दहा-बारा वेळाच कॉल परवडतो आणि त्यांना सोळा वेळा झालेला कॉलही परवडतो. म्हणजे मी अचूक खेळलो तरी त्या जागेवरून सरांनी रद्दी पानांवर चिप्स पुढे सारणे फायद्याचेच ठरते.

या प्रकल्पातला हा सर्वांत महत्त्वाचा शोध आहे असे मी समजतो. एकाच क्षणी, एकाच टेबलावर, पहिल्यांदा चिप्स सारणाऱ्याने धाडस करायचे असते आणि त्याला उत्तर देणाऱ्याने सावध राहायचे असते. सारणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात, समोरचा फोल्ड करील किंवा पाने चांगली उघडतील. कॉल करणाऱ्याला एकच. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या अंतराचा विचार फार पूर्वी मांडला आहे : रेझ करायला, म्हणजे लावलेल्या चिप्स वाढवायला, जे पान पुरते, त्याहून चांगले पान दुसऱ्याच्या रेझला कॉल करायला हवे. बबलवर हे अंतर सर्वांत रुंद होते. मी काल सावधपणाचा धडा दोन्ही बाजूंना लावला, आणि तेही माझ्याकडे सर्वांत जास्त चिप्स असताना, जेव्हा बाकी तिघांनाच माझी भीती वाटायला हवी होती.

६ डिसेंबर २०२५, शनिवार

सहावा.

सुरुवातीलाच, २५-५० च्या ब्लाइंडवर, माझा भाचा एक्का-राजा घेऊन सगळ्या चिप्ससह उतरला आणि डॉक्टरांच्या राण्यांच्या जोडीपुढे हरला. "निम्मी-निम्मी संधी होती, मामा," असे तो मला म्हणाला. राण्यांसमोर एक्का-राजाची संधी ४३ टक्क्यांची, एकरंगी असले तर ४६ ची. पण निम्मी धरली तरी पुरत नाही. आठ जणांत प्रत्येकाचे मोल १२.५ गुण, एकाला बाद करून ३,००० चिप्स झाल्या की मोल २२.५. म्हणजे पहिल्याच डावातसुद्धा ५५.६ टक्के हवेत. त्या वेळी पुढ्यात ब्लाइंडच्या ३० पट चिप्स आहेत, कसलीही घाई नाही, आणि पुढे याहून चांगली संधी येणार हे निश्चित. सुरुवातीच्या तासाबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचे नाही. तिथे बेताने खेळावे.

माझे जाणे मात्र वेगळ्या कारणाचे होते. ७५-१५० वर माझ्याकडे १,३५० चिप्स होत्या. पुढ्यातल्या चिप्सना दोन्ही ब्लाइंडच्या बेरजेने भागायचे आणि काहीही न खेळता किती फेऱ्या तग धरता येईल ते पाहायचे, असे एक माप आहे. बॅकगॅमनचे नावाजलेले खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून त्याला एम म्हणतात आणि १९९५ चे विश्वविजेते डॅन हॅरिंग्टन यांनी ते सर्वदूर पोहोचवले. माझा एम सहा होता. मी चांगल्या पानांची वाट पाहत राहिलो. तीन फेऱ्यांत २२५, २२५ आणि ३०० असे ७५० गेले. ६०० उरले, ब्लाइंड १००-२००, एम दोन. मग एक्का-चौकी आली आणि मी ऑल-इन गेलो. बिग ब्लाइंडवर डॉक्टर होते. त्यांना ४०० घालून ९०० जिंकायचे होते, म्हणजे ३१ टक्के पुरत होते. त्यांनी गुलाम-सत्ती घेऊन कॉल केला आणि तो पूर्ण योग्य होता. चौथ्या पानावर गुलाम आला.

हेच १,३५० मी अर्ध्या तासापूर्वी पुढे सारले असते, तर बिग ब्लाइंडवरच्या माणसाला १,२०० घालून १,५७५ जिंकायचे होते. ४३ टक्के लागले असते आणि हरल्यास त्याचा बहुतेक स्टॅक, म्हणजे पुढ्यातला चिप्सचा ढीग, गेला असता. गुलाम-सत्तीवर कोणीच आले नसते. चिप्स कमी होतात तेव्हा त्यांच्याबरोबर समोरच्याला फोल्ड करायला लावण्याची ताकदही जाते, आणि ही दुसरी हानी पुढ्यातला ढीग पाहून दिसत नाही. मी ज्याला संयम समजत होतो तो प्रत्यक्षात दर फेरीला भरलेला दंड होता.

आजपासून नियम : दहा बिग ब्लाइंड किंवा त्याहून कमी चिप्स असतील आणि माझ्याआधी कोणी डावात उतरले नसेल, तर एकतर ऑल-इन किंवा फोल्ड. नुसता कॉल करून फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पाने, पाहायचा नाही, आणि एम चारच्या खाली उतरेपर्यंत थांबायचे नाही.

२० डिसेंबर २०२५, शनिवार

आज पहिला आलो. ५० गुण.

मामांच्या शेतावर दुपारी हुरड्याला गेलो होतो, तिथूनच परस्पर सगळे घरी आले. अंगाला धुराचा वास आणि शेंगा चटणीचा डबा मधोमध, असा खेळ सुरू झाला. अण्णा आज लवकर गेले. चौघे उरलो तेव्हा माझ्याकडे साडेचार हजार होते. २२ नोव्हेंबरला जे केले नाही ते केले : बटणावर (पाने वाटणाऱ्याच्या जागी) किंवा स्मॉल ब्लाइंडवर असताना आणि आधीच्यांनी फोल्ड केले असताना जवळजवळ प्रत्येक वेळी चिप्स पुढे सारल्या. अकरा वेळा सारल्या, नऊ वेळा सगळ्यांनी फोल्ड केले, दोन वेळा कॉल झाला. एक हरलो, एक जिंकलो. उलट दुसऱ्याच्या ऑल-इनला मी त्या टप्प्यात एकदाही कॉल केला नाही. एक्का-गुलामसुद्धा एकदा टाकले, कारण सारणारे सर होते.

तिघे झाल्यावर काटा पुन्हा हलतो. आता २० गुण प्रत्येकाच्या खिशात आहेत. तिघांकडे चार-चार हजार असतील तर मोल ३३.३३, दुप्पट केल्यास ४३.३३, हरल्यास शून्य नाही, २० आहेतच. या हिशेबाने ५७.१ टक्के पुरतात. काही मिनिटांपूर्वी ६५ लागत होते. तेवढे मोकळे व्हायचे, त्याहून जास्त नाही.

आणि दोघे उरले की हा सगळा सावधपणा गळून पडतो. मामा आणि मी, दोघांनाही ३० गुण पक्के. उरलेल्या २० साठी चिप्सच्या प्रमाणातच संधी. चिप्स आणि गुण एकरूप झाले, म्हणजे ५० टक्के म्हणजे ५० टक्केच. इथे पूर्वी मी "इथपर्यंत आलो, आता सांभाळू" असे म्हणून हळू खेळत असे. सांभाळायला त्या ठिकाणी काहीच नसते. माझ्याकडे ५,२०० आणि मामांकडे ६,८०० असताना मी स्मॉल ब्लाइंडवरून निम्म्या पानांवर ऑल-इन गेलो. मामांनी सातव्या वेळी कंटाळून राणी-नव्वीवर कॉल केला आणि माझ्याकडे त्या वेळी नेमके एक्का-सत्ती होते. माझे एक्का-सत्तीच टिकले. त्यांच्याकडे उरलेल्या १,६०० चिप्स पुढच्या दोन डावांत आल्या.

३ जानेवारी २०२६, शनिवार

वहिनी पहिल्या, मी दुसरा, अण्णा तिसरे. माझे एकूण १००, अण्णांचे १२०.

आज टेबलावर जी रचना झाली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. एकाकडे ६,०००, दोघांकडे २,५०० आणि एकाकडे १,०००. यांत सर्वांत बांधलेला कोण? मला पूर्वी १,००० वाला वाटत असे. हिशेब वेगळे सांगतो. मधल्याचे मोल २५.२६ गुण आहे. त्याने मोठ्या स्टॅकशी भिडून जिंकले, ब्लाइंड बाजूला ठेवून, तर त्याच्याकडे ५,००० होतात आणि मोल ३४.४१. भागाकार ७३.४ टक्के. समोरचा कुठल्याही पानांवर सारत असेल तरी नव्व्यांची जोडी ७२ टक्के जिंकते, म्हणजे तीसुद्धा पुरत नाही. दश्श्यांच्या जोडीला ७५ आहेत, ती पुरते. १,००० वाला आज ना उद्या जाणारच आहे, आणि त्याच्याआधी आपण जाणे ही या खेळातली सर्वांत महाग चूक आहे.

म्हणून मधल्याने मोठ्याच्या वाटेला जाऊ नये, लहानावर मात्र जरूर जावे. मोठ्याने दोन्ही मधल्यांना दाबत राहावे. आणि लहानाने पहिली बरी पाने पाहून उडी घ्यावी, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे थोडेच आहे. एकाच टेबलावर तीन वेगळी उत्तरे. वहिनींनी ६,००० वरून नेमके हेच केले, आणि त्यांनी हा हिशेब कधी कागदावर मांडलेला नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आणि सर एकमेकांकडे बघत बसला होता, मी फक्त उचलत गेले."

या पद्धतीची मर्यादाही नोंदवतो. आयसीएम सगळ्यांना सारखेच कुशल धरते आणि पुढच्या डावात बिग ब्लाइंड कोणावर येणार हे पाहत नाही. पुढचाच ब्लाइंड माझा स्टॅक अर्धा करणार असेल, तर या हिशेबाच्या तक्त्यापेक्षा थोडे आधी उडी घ्यावी लागते.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची, म्हणजे जत्रेची, गर्दी अजून ओसरलेली नाही. दोघे मुलांना घेऊन पाळण्यांकडे गेले, म्हणून सहाच जण. मी पाचवा, अण्णा चौथे, दोघांनाही शून्य. माझे ऑल-इन एक्का-दश्शीवर, नऊ ब्लाइंडवर, पहिल्यांदा उतरून. कॉल राजांच्या जोडीने. नियमात बदल नाही.

३१ जानेवारी २०२६, शनिवार

हंगामाचा शेवटचा खेळ. अण्णा १२०, मी १००, बाकी सगळे मागे. मी पहिला आलो आणि अण्णा दुसरे, तर १५०-१५० अशी बरोबरी, आणि अण्णा तिसरे, तर १५० विरुद्ध १४० असा मी पुढे. मी दुसरा आलो तर अण्णा चौथे किंवा त्याखाली जायला हवेत.

आणि रचना तीच झाली. अण्णांकडे ६,०००, डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे २,५००, मामांकडे १,०००. ब्लाइंड १५०-३००, बिग ब्लाइंड मामांचा, मी बटणावर. अण्णांनी पहिल्या जागेवरून चवडी मोडू न देता पुढे ढकलल्या. मी पाने उचलली : नव्वी, आणि तिच्यामागे दुसरी नव्वी.

तक्ता मला पाठ होता. अण्णा वाटेल त्या पानांवर सारत असते तरी नव्व्या काठावर होत्या, आणि पहिल्या जागेवरून ते तसे सारत नाहीत. मामांचे ३०० आधीच पडले होते, ७०० उरले होते. फोल्ड करावे, मामा जाऊ द्यावेत, तिसरा किंवा दुसरा क्रमांक घ्यावा. कोणत्याही दुसऱ्या शनिवारी मी तेच केले असते. पण तक्त्यात ५०, ३० आणि २० लिहिले होते आणि आज माझ्यासाठी त्यांतले ३० आणि २० जवळपास निरुपयोगी होते. अण्णा ६,००० वरून चौथे जाण्याची वाट पाहणे हा बेत नव्हता. फक्त पहिल्यालाच बक्षीस असेल तेव्हा चिप्स आणि गुण पुन्हा एकरूप होतात, दोघे उरल्यावर होतात तसे, आणि तिथे नव्व्यांची जोडी हे फार चांगले पान आहे. मी पूर्ण एक मिनिट घेतले. भिंतीवरच्या घड्याळाखेरीज खोलीत आवाज नव्हता. मग कॉल केला.

अण्णांनी राजा-सत्ती उघडली. मी सत्तर टक्क्यांच्या पुढे होतो. फ्लॉपवर चौकी, दश्शी, दुर्री. चौथे पान छक्की. पाचवे इस्पिकचा राजा.

अण्णांनी चिप्स लगेच ओढल्या नाहीत. "आज तुम्ही तक्ता बाजूला ठेवला," ते म्हणाले. मी म्हणालो, "नाही अण्णा, आज तक्ता वेगळा होता." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटले असे मला वाटते, कारण खेळ संपल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि ३ जानेवारीची नोंद उभ्यानेच दोनदा वाचली. चादर त्यांना दिली. हिरव्या काठाची, मोराची वीण असलेली. स्वतः यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या माणसाने ती दोन बोटांत धरून पोत पाहिला आणि मगच घडी घातली.

१ फेब्रुवारी २०२६, रविवार

पुढच्या हंगामात गुण ४०, ३०, २०, १० असे चौघांना द्यावेत, अशी सूचना सरांनी काल निघताना केली आणि सगळ्यांनी मान्य केली. त्यामुळे सगळे आकडे नव्याने काढावे लागतील. सकाळी पहिले दोन काढले. सारख्या चिप्सच्या चौघांत आता १० गुण पक्के आहेत. २५ वरून ३३.३३ वर जायला ६४.३ टक्के लागतात, म्हणजे चौघांतला सावधपणा फारसा कमी झालेला नाही, जो मला कमी होईल असे वाटले होते. बबल पाच जणांवर सरकला आहे. तिथे सारख्या चिप्सवर मोल २०, दुप्पट केल्यावर ४० टक्के वेळा पहिला, ३० टक्के दुसरा, २० टक्के तिसरा, १० टक्के चौथा, एकूण ३० गुण. २० भागिले ३०, म्हणजे ६६.७ टक्के. पाच जणांच्या असमान स्टॅकची रचना दुपारी घ्यायची आहे. पहिली ओळ ४,०००, ३,०००, २,५००, १,५००, १,००० अशी मांडून ठेवली आहे.